आनंदी आवाजात

"मला नोकरी लागली!" वैजयंतीने मोबाइलमध्ये दुसऱ्यांदा म्हटलं. पुन्हा लाल फुली आली: 'आवाज आनंदी नाही.' यंत्राला मराठी शिकवायला ती सकाळपासून वाक्यं वाचत होती. घसा सोलून निघाला होता. तिसरी फुली पडली की खातं बंद, म्हणजे घरबसल्या मिळालेलं हे कामही गेलं.

"नोकरी लागल्यावर कुणी असं रडतं का गं?" मेथी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या. "बरं, ऐक. उद्यापासून सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे."

वैजयंती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने बटण दाबलं. "मला नोकरी लागली!"

हिरवी खूण आली.

"छान थट्टा केलीत, आई. काम झालं."

"थट्टा कसली?" सासूबाईंनी देठं बाजूला सारली. "पोळ्या किती लागतात, तेवढं सांगून ठेव."