तबकडीची दिशा

तबकडी तीन मिलिमीटर पुढे झुकली. मागे झुकायला हवी होती.

तिने मॉडेल हेलिकॉप्टर टेबलावर सरळ ठेवलं, मोजपट्टी बाजूला केली आणि मॉडेल पुन्हा उचललं. शेपूट वर, नाक खाली. पंख्याखालची, बाटलीच्या झाकणाएवढी ती तबकडी पुन्हा पुढेच गेली. मोटरच्या तारा काढून ठेवल्या होत्या, म्हणून टेबलावर काही बिघडत नव्हतं. मैदानावर मात्र मॉडेल जमिनीवरून सुटायच्या आत आडवं झालं असतं आणि पाती मातीत आपटून तुटली असती.

वडील समोरच्या स्टुलावर बसून, रिमोट मांडीवर धरून बघत होते.

तिने वही उघडली. मागच्या रविवारची नोंद तिच्याच अक्षरात होती. दिशा सुलट केली, दोनदा तपासली. त्याआधीच्या रविवारीही हेच लिहिलेलं होतं. आठवडाभर ती प्रयोगशाळेत दुसऱ्यांची मोजमापाची यंत्रं तपासून त्यांना दाखले द्यायची. एकच चूक तीनदा करणाऱ्यांतली ती नव्हती.

वडिलांच्या या जुन्या हेलिकॉप्टरच्या पंख्यावर वजनं लावलेली एक आडवी दांडी होती. ती मॉडेलला थोडंफार सावरायची, बाकीचं काम उडवणाऱ्याच्या हाताचं. वडिलांचे हात थरथरायला लागले तेव्हा तिने दांडी काढून टाकली आणि काडेपेटीएवढा कंट्रोलर बसवायला घेतला. मॉडेल वाऱ्याने जरा कललं, की हा डबा तबकडी उलट्या बाजूला झुकवून त्याला होतं तसं सरळ करतो. उडवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तिने हे समजावून सांगितलं तेव्हा वडील म्हणाले होते, "म्हणजे घरात आणखी एक तू."

ती हसली होती.

आई गेली त्याच वर्षी वडील बाथरूममध्ये घसरले होते. फार लागलं नव्हतं. पण त्यानंतर तिने सगळं नीट लावून घेतलं. बाथरूमची आतली कडी काढली. सायकल शेजाऱ्यांना देऊन टाकली. कामावर जाताना ती गॅस सिलिंडरपासूनच बंद करून जायची आणि दुपारचा चहा थर्मासात भरून ठेवायची, अर्ध्या साखरेचा. एक वाजता फोन, चार वाजता फोन. वडिलांनी कधी कुरकुर केली नाही. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. यंत्राला आणि लेकीला उलट बोलायचं नाही, बोटं जातात, असं ते शेजाऱ्यांना सांगत.

दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र तीन आठवडे तिच्या पर्समध्ये पडून होतं. उद्या उत्तर द्यायचं होतं. नकार लिहून तयार होता. वडिलांना टाकून जाणार कशी? आणि त्यांना विचारलं असतं तर त्यांनी "जा" म्हटलं असतं, म्हणून तिने विचारलंही नव्हतं. रोज सकाळी बसस्टॉपवर उभी असताना तिला वाटायचं, आपल्याला आत ठेवून कुणीतरी बाहेरून कुलूप लावून गेलंय.

"बाबा, तुम्ही बघा," ती म्हणाली. "तबकडी कुठे जातेय?"

वडिलांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून अगदी जवळून बघितलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

या माणसाला धातूवरून बोट फिरवून केसाएवढा फरक कळायचा. तिने मॉडेल खाली ठेवलं. तबकडीची दिशा उलटसुलट करायचं कंट्रोलरचं बटण एका छिद्रात खोल बसवलेलं होतं, ते दाबायला बारीक काडी लागे. ती काडी वडिलांच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होती.

"तुम्हीच फिरवताय."

वडिलांनी काडी खिशातून काढून टेबलावर ठेवली. तिला वाटलं, आपल्याला सगळं कळलं. त्यांनी पत्र बघितलं असणार. हे काम संपेपर्यंत ती इथून हलणार नाही, आणि मॉडेल मोडलं तर दुरुस्तीचे आणखी दोन महिने, असा त्यांचा हिशोब. मग तिने आवाज न चढवता सगळं सांगून टाकलं. नोकरीचं, नकाराचं, हा नकार कुणासाठी आहे त्याचं. मला अडवायला असले उद्योग करायची गरज नाही, मी तशीही कुठे जात नाहीये, असंही सांगितलं.

वडील ऐकत राहिले. या पत्राबद्दल ते पहिल्यांदाच ऐकत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला.

"हे पडलं असतं ना?" त्यांनी विचारलं.

"जमिनीवरून सुटायच्या आतच."

"पडलं असतं, तू चिडली असतीस, मी कबूल केलं असतं. त्या भरात दुसरंही सांगून टाकणार होतो. शांतपणे सांगायला गेलो की तू गोळ्यांची वेळ विचारतेस." ते जरासे हसले. "तीन रविवार वाट बघितली. तू पडूच दिलं नाहीस."

"दुसरं काय?"

वडिलांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"मी एक खोली बघितलीय, एकट्यापुरती. विचारत नाहीये, सांगतोय. एक तारखेला जातोय."