दहा मोजायचे

“डॉक्टर मॅडम, साडेतीन वर्षांचं मूल अजून एकही शब्द बोलत नसेल तर काय करायचं?”

मैत्रिणींनी कुल्फीची पैज लावली होती, म्हणून शाळेतल्या आरोग्य शिबिरात मी सगळ्यांसमोर विचारलं. घरी माझ्या भावाचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, “मीही उशिराच बोललो होतो.”

कुणीच हसलं नाही. “त्याला पाणी हवं असेल तेव्हा?” मॅडमनी विचारलं.

“कैवल्यनं माठाकडे नुसतं बघितलं, की मी पेला पुढे करते!” मी ऐटीत सांगितलं.

“तपासणी कराच, नीट ऐकू येतं का तेही बघू. आणि पेला देण्याआधी तू मनात दहा मोज.”

संध्याकाळी कैवल्यनं माठाकडे बघितलं. मी पेला धरून मोजत होते, चक्क गप्प! “हिला बरं नाहीये का?” बाबांनी आईला विचारलं. मी आठवर पोचले आणि कैवल्यचे ओठ हलले. “पा.”

बाबांनी टीव्ही बंद केला.

त्याला पाणी पाजून मी जाहीर केलं, “मॅडमनी चिठ्ठी दिलीये. शनिवारी आपण चौघंही तपासणीला जातोय. आणि आजपासून घरात सगळ्यांनी दहा मोजायचे. बाबा, तुम्हीसुद्धा!”