मेणाची बाटली

खामगावच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात नाटकाचा शेवटचा प्रवेश रंगात आला होता. बायको दारुड्या नवऱ्याच्या डोक्यात बाटली घालते आणि तो मरतो. पुष्पाबाईनं रोजच्यासारखी टेबलावरची बाटली उचलली, अन् तिचा हात जागीच थिजला. रोजची मेणाची, हलकी असायची; आजची बाटली जड होती. काचेची होती.

"मीच ठेवली. मारा!" नवरा झालेला उत्तमराव दातांतल्या दातांत पुटपुटला. त्याच्या तोंडाला खऱ्या दारूचा भपकारा येत होता. याच दारूपायी सिनेमावाल्यांनी त्याला हाकललं होतं, आणि मागच्या खेळाला याच आवारात लोकांनी त्याच्यावर चपला फेकल्या होत्या.

"नाई मारत मी. मरसान ना तुमी!"

उत्तमरावनं तिच्या कानाखाली खरीखुरी काढली. दुसरीला तिचा ओठ फुटला. तिसऱ्यांदा त्यानं हात उगारला, तसं पुष्पाबाईचं डोकंच फिरलं. तिनं जीव खाऊन बाटली घातली. काचा उडाल्या, रक्ताची धार लागली आणि तो उभाच्या उभा कोसळला.

सगळं आवार उठून उभं राहिलं. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

"पडदा पाडा रे कोनी!" पुष्पाबाई किंचाळत त्याच्यावर वाकली.

उत्तमरावनं तिचं मनगट घट्ट धरलं. रक्तानं माखलेले डोळे उघडले. कितीतरी वर्षांनी ते हसत होते.

"पडदा कायले? वन्स मोअर येईन, हे मले मालूमच होतं. टेबलाखाली दुसरी ठेवली हाये."