उराबेबाईंची बेटं

सभागृहाचे पडदे ओढले गेले आणि चार वर्षांची लतिका आईच्या मांडीवर अंग चोरून बसली. मालिनीने तिला गच्च धरलं. दोन रांगा पुढे डॉक्टरीणबाईंचा पांढरा अंबाडा दिसत होता. उद्या सकाळी त्याच बाई लतिकाला तपासणार होत्या. आणि मग मुक्या मुलांच्या वसतिगृहात काही आठवडे ठेवून घेणार होत्या. दूरच्या गावी. आईने सोबत यायचं नाही.

बासष्ट साल होतं. जर्मनीत, हायडेलबर्गला येऊन वर्ष होत आलं होतं. पुण्यात ही पोर भिंतीशीसुद्धा गप्पा मारायची. इथे पहिल्याच हिवाळ्यात तिचे शब्द कमी झाले, मग संपलेच. किंडरगार्टनच्या सिस्टर म्हणाल्या, दोन भाषांनी मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो, घरात फक्त जर्मन बोला. तिच्या नवऱ्याने, श्रीपादने, ते मनावर घेतलं. मालिनीनेही. ती रोज दुपारी जर्मनच्या वर्गाला जाऊ लागली. ये. बस. हात धू. झोप. एवढं तिला बिनचूक यायचं. बाकीचं सगळं लेक झोपल्यावर नवऱ्याशी, मराठीत, कुजबुजत.

वर्गाच्या वेळी लतिका वरच्या मजल्यावर असे, उराबेबाईंकडे. श्रीपादच्याच प्रयोगशाळेतल्या जपानी डॉक्टर उराबेंची ही बायको. तिला जर्मनचा गंधही नव्हता. मालिनी लेकीला घ्यायला गेली की ती कमरेत वाकायची, हसायची आणि ओठांपाशी पाची बोटं उघडमीट करून लतिकाकडे दाखवायची. पोरीला भूक लागते वाटतं, असं समजून मालिनी दुसऱ्या दिवशी डब्यात बेसनाचा एक लाडू जास्त घालायची.

काल घरमालकीण जिन्यात भेटली होती. वसतिगृहाचं ऐकून तिने हातातली बादली खाली ठेवली.

"नका पाठवू तिला तसल्या ठिकाणी. लढाईच्या काळात तिथे नेलेली मुलं सगळीच परत आली नाहीत." मग इकडेतिकडे पाहून ती पुटपुटली, "म्हणजे, आता तसं काही नसतं म्हणा." आणि बादली उचलून निघून गेली.

मालिनीचा रात्रभर डोळा लागला नव्हता. "अहो, नको ना पाठवायला," ती पहाटे म्हणाली.

"अगं, डॉक्टर आहेत त्या, राक्षस नव्हेत," श्रीपाद म्हणाला. पण तोही जागाच होता.

आज सभागृहात रविवारची कॉफी आणि केक झाल्यावर डॉक्टर उराबे आपल्या गावच्या रंगीत स्लाइड्स दाखवणार होते. "जपानच्या पश्चिमेची गोतो बेटं," ते प्रोजेक्टरमागून म्हणाले. "तुम्ही ऐकली नसतील. टोकियोच्या लोकांनाही ती नकाशात शोधावी लागतात."

लोक हसले. पडद्यावर निळा समुद्र उमटला. कड्याच्या टोकावर एक पांढरं दीपगृह.

लतिकाचं अंग एकदम ताठ झालं. मालिनी तिच्याकडे वाकली. अंधाराला भ्यायली का? आता किंचाळेल का? तेवढ्यात पोर मांडीवरून घसरली. मालिनीने फ्रॉक धरायला हात टाकला तो रिकामाच आला. लतिका खुर्च्यांमधून थेट पडद्यापाशी गेली. तिची सावली समुद्रावर पडली. कोणीतरी शू केलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा सारखा केला आणि त्या पुढे झुकल्या. संपलं, मालिनीला वाटलं. उद्याची वाट कशाला पाहायची, सगळं आताच ठरणार.

लतिकाने दीपगृहावर बोट ठेवलं.

"तोदाई," ती म्हणाली.

डॉक्टर उराबेंनी बटण दाबलं. झाडांखाली लाल फुलांचा सडा. "त्सुबाकी." पुन्हा बटण. देवळापुढे देवमाशाच्या जबड्याची कमान. "कुजिरा!" आणि मग बांध फुटावा तसं ती भराभरा काहीतरी बोलत सुटली. मध्येच मागे वळून तिने उराबेबाईंना काही विचारलं. उराबेबाईंनी आपल्या स्वयंपाकघरात असल्यासारखं जागेवरूनच उत्तर दिलं.

कोणीतरी दिवा लावला. "काय म्हणते आहे ती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दीपगृह. कॅमेलिया. देवमासा," डॉक्टर उराबे म्हणाले. "आणि आता विचारते आहे, बेटावरच्या आजीचं घर का नाही दाखवलं?"

"हे तिला शिकवलं कोणी?"

डॉक्टर उराबेंनी बायकोला विचारलं. ती गोंधळली, लाजली, ओठांपाशी बोटं उघडमीट करत काहीतरी म्हणाली.

"शिकवलं नाही म्हणते. ही पोर दुपारभर तोंड मिटत नाही, हे तर ती पोरीच्या आईला रोज खुणेने सांगते म्हणे. आता माझ्या या बायकोला दुसरी भाषा येत नाही, त्यामुळे ती आपली घरचे फोटो दाखवत आमच्या बेटावरचंच बोलत बसते पोरीशी."

डॉक्टरीणबाई मालिनीकडे वळल्या. "आणि तुम्ही घरी तिच्याशी काय बोलता?"

"जर्मन," श्रीपादने तत्परतेने सांगितलं. "फक्त जर्मन."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाल्या, "उद्या तिला आणू नका."

मालिनी पडद्यापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली. लतिका गप्प झाली होती. नव्या पाहुणीकडे पाहावं तशी ती आईकडे पाहत होती. मालिनीने दोन्ही हात पुढे केले. आणि वर्षभर वाचा बसलेल्या माणसाला पहिला शब्द फुटावा तशी ती अडखळत, मराठीत म्हणाली, "ये गं माझ्या सोन्या. मला सांग, कसं आहे आजीचं घर?"