प्रवाळाची पसंती

शरयू पेडणेकर सकाळपासून दहा वेळा खिडकीत जाऊन आली. आज प्रवाळ टाकी बघायला येणार होतं. समुद्र तापल्यापासून ज्या घरचं पाणी पसंत पडेल तिथेच ते राहायचं. शरयूच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला सात आठवडे झाले होते. काल तपासलं तेव्हा विषारी अमोनिया शून्य होता, तो खाणाऱ्या जिवाणूंचा दगडांवर छान तपकिरी थर जमला होता.

प्रवाळ खात्याचे अधिकारी डबा घेऊन आले. आतल्या प्रवाळाला त्यांनी टाकीतलं चमचाभर पाणी दिलं. डब्यावरचा दिवा लाल झाला.

"वहिनी, नको म्हणतंय. पाण्यात जिवाणूच नाहीत."

"कालपर्यंत होते हो!"

"अगं, पाहुणे येणार आणि दगडांवर एवढी घाण?" सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात चिंच लावून घासले, उकळत्या पाण्यातून काढले."

शरयू मटकन खाली बसली.

"आता शेजारी साधल्यांकडे दाखवतो," अधिकारी म्हणाले. "तिथेही नापसंत झालं, तर सात आठवड्यांनी पुन्हा तुमच्याकडे येऊ."

"साधल्यांकडे?" सासूबाई किंचाळल्या. "त्यांनी वर्षभर टाकीला हात लावलेला नाही!"

शरयू ताडकन उठली.

"साहेब, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. आणि आई, तुम्ही जरा साधलेकाकूंना मदत करून या ना. त्यांच्याकडे पाहुणे यायचेत."