लांबलेला ठोका

रेडिओ-संचावरचा काटा शून्यापासून केसभर वर उचलला गेला आणि अलगद खाली बसला.

"आई, प्लग मी काढला होता ना?" खोक्याला चिकटपट्टी लावता लावता लेकीने विचारले. प्लग तिच्या पायाशीच पडला होता. गच्चीवरची एरियलची तारही सकाळीच उतरवली होती.

आईने मान डोलावली. आयुष्यभर गिरणीतली पाळी संपली की 'हे' थेट या संचापुढे बसत. त्यावरून मोर्स या बिनतारी ठोक्यांच्या भाषेत जगभर गप्पा झाल्या की त्याच टकटकीत स्वयंपाकघराकडे चहा मागत आणि शेवटचा ठोका लाडाने लांबवत. "तोंड दिलंय ना देवाने?" असे ओरडून ती कपावर चमचा वाजवी, म्हणजे आणते.

ते गेल्यापासून लेकीकडे राहायला जाणे ती आज-उद्यावर ढकलत आली होती. आज टेम्पो दारात उभा होता.

काटा पुन्हा हलला. चहा मागायच्या त्याच लयीत. शेवटी लांबला.

लेक भिंतीला टेकली. आईने बांधायचा राहिलेला कप ओढला आणि चमचा वाजवला.

काटा वर गेला आणि वाट बघत असल्यासारखा तिथेच थांबला.

"टेम्पोवाल्याला परत पाठव," ती म्हणाली. "मी येत नाही."