शेठचा तराजू

चांदी-कारागिरांच्या संघाचा अध्यक्ष झाल्यावर शेठला तीन गोष्टी मिळणार होत्या. सभेत मधली खुर्ची, बोलताना कुणी न अडवण्याची सोय, आणि मेहुण्यासाठी तारकाम करणाऱ्या काकूंची खिडकीजवळची बैठक. कारागिरांच्या सामाईक कारखान्यात धड उजेड तिथंच.

काकूंना तिथून उठवायचं कारण शेठनं गावभर करून ठेवलं होतं. “हात थरथरतो हो त्यांचा. दागिन्यांचे सांधे निखळतात.” सांधे सगळ्यांचेच निखळत. वितळवून सांधे जोडायचं झाळण सगळे शेठच्याच दुकानातून घेत आणि दागिना परत आला की मुकाट्यानं आपल्याच हाताला शिव्या देत.

अध्यक्षानं छातीवर लावायचा चांदीचा तराजू, म्हणजे कारागिरांच्या सचोटीची खूण, शेठनं घडवून घेतला मात्र काकूंकडूनच. केसाइतकी बारीक तार दुसरं कोण ओढणार? झाळणही आपल्याच दुकानातून धाडलं. दुकानात डबे दोन : आतला चोख, घरच्या कामाचा, बाहेरचा विक्रीचा. मेहुण्यानं बाहेरचा उघडला. दोन डब्यांतला फरक कळता, तर त्याला बहिणीच्या नवऱ्याच्या दुकानात बसावं लागलं नसतं.

सभेत मतं पडायच्या आधीच शेठनं तराजू लावला. छाती थोपटून म्हणाला, “दोन्ही पारडी सारखी!”

उजवं पारडं टपकन त्याच्या चहात पडलं.

शेठ गडबडला, पण क्षणभरच. “बघा! मी म्हणत नव्हतो? हात गेला काकूंचा. आता तरी ती जागा सोडा म्हणावं.”

पहिल्या रांगेतून काकू उठल्या. “झाळण कुणाचं होतं, शेठ?”

“माझं! खास माझ्या दुकानातलं. आता त्याला नावं ठेवा!”

काकूंनी डावं पारडं चिमटीत धरलं आणि ओढलं. सदरा ताणला गेला, शेठ वाकला, एक बटण उडालं. पारडं जागचं हललं नाही.

“हे मी माझ्या मुशीत केलेल्या झाळणानं जोडलंय. पडलं ते तुमच्या. हात दोन्हीकडे माझाच होता.”

चाळीस कारागीर आपापल्या हातांकडे बघत राहिले.

मग मोजदाद झाली. शेठच्या बाजूनं एकच हात वर आला, मेहुण्याचा. तो थरथरत होता.